जिवंत माणसाचं नाव

केम्पेन,
योसेफ भावांना ओळख देतो त्या पाठाच्या आठवड्याचा मंगळवार

चि. गेर्शन यास थोरल्या बहिणीचे उदंड आशीर्वाद आणि शालोम. वि. वि.

तुझं पत्र आलं. आडेलाचे दिवस भरत आले हे वाचलं आणि अर्धी पिसं उपटलेला हंस तसाच टेबलावर टाकून मी तातेंना सांगायला प्रार्थनाघराकडे धावले. केसांत पिसं, भुवयांत पिसं. बायका म्हणाल्या, ब्राइना उडायला लागली. म्हटलं, आत्या होणार आहे, उडू नको तर काय करू!

ताते बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण हातोडी सुटलेली नाही. अजून रोज पहाटे गल्लोगल्ली फिरतात आणि खिडक्यांच्या फळ्यांवर तीन-तीन ठोके देऊन लोकांना प्रार्थनेला उठवतात. गेल्या आठवड्यात म्हातारी पेसेल गेली, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिसरा ठोका गाळला. दोन ठोके ऐकले की मी अजून तिसऱ्याची वाट पाहते. मामे गेली त्या पहाटेही तेच फिरले होते, आपल्याच बायकोची बातमी घरोघर ठोकत. तू तेव्हा लहान होतास, तुला आठवत नसेल.

आता कामाचं. लग्नाला आम्हाला बोलावलं नाहीस. घाईत झालं म्हणालास, आम्ही ते गिळलं. पण मुलगा झाला तर सुंतेच्या वेळी त्याला मांडीवर कोण घेणार, हे विचारायचीसुद्धा गरज नाही. तो मान आजोबाचा. तातेंनी जुना कोट झिजलेली बाजू आत घालून, उलटवून शिवायला टाकलाय. जन्मात आगगाडीत बसले नाहीत, पण ब्रेस्लाउपासून ती कशी धरायची ते गावात चार जणांना विचारून झालंय. मी हंसाच्या मऊ पिसांची उशी भरतेय, बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवताना खाली घालायला.

नावाचं म्हणशील तर मामेच्या वडिलांचं ठेव. तातेंना मी मुद्दाम छेडलं की तुमचं ठेवलं तर? तर म्हणाले, फाइवेल हे नाव अजून वापरात आहे, पोराला थांबावं लागेल. जिवंत माणसाचं नाव मुलाला देणारा आपल्यात कोणी वेडा जन्मला नाही, आणि मरायची मला घाई नाही. एवढं बोलून इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

आडेलाला माझे आशीर्वाद. कळावे. लोभ आहेच, त्यावर साय धरू दे.

तुझी ताई,
ब्राइना

◆

बर्लिन, ३ जानेवारी १८४७

ती. ताईस शालोम. वि. वि.

तुझ्या पत्रातून पिसं उडून माझ्या टेबलावर पडली असं वाटलं. खूप हसलो. आडेलानं विचारलं, बहीण काय लिहिते? आपली लिपी तिला वाचता येत नाही, म्हणून मीच थोडंफार सांगितलं. तू पाठवतेस तो हंसाच्या चरबीचा डबा तिला फार आवडतो.

तातेंच्या येण्याबद्दल मात्र मला काळजी वाटते. हा हिवाळा फार वाईट आहे. आगगाडीत खिडक्यांतून वारा येतो. शिवाय आम्ही सासऱ्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो, जागा बेताची. सुंतासुद्धा इकडे साधीच करतात, डॉक्टर येतात, दहा मिनिटांत उरकतं. आणि आमचं स्वयंपाकघर तातेंना चालेल असं नाही. तेव्हा त्यांनी दगदग करू नये. उन्हाळ्यात मीच बाळाला घेऊन येईन.

आमच्या मंदिरात, म्हणजे सुधारकांच्या नव्या प्रार्थनाघरात, माझं काम बरं चाललंय. तू इथे एकदा यायला हवंस, ताई. सगळे वेळेवर येतात, गलका नाही, मधेच कोणी तपकीर मागत नाही. प्रार्थना जर्मनमध्ये, त्यामुळे बायकांनासुद्धा कळतं की आपण काय मागतोय. आडेला तर कधी कधी रडते. आपल्या लोकांची पोरं शिकली की धर्मच सोडून जातात, आणि दोष आपण त्यांना देतो. धर्म टिकवायचा असेल तर त्याच्यावरची धूळ झटकायला नको का? सासरे, हेर लीपमान, मंदिर-समितीचे प्रमुख आहेत आणि मी त्यांचा चिटणीस. सोबत माझं एक छापील प्रवचन पाठवतोय, आई-वडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेवरचं. लोकांना फार आवडलं. तातेंना वाचून दाखव.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गुस्ताव (गेर्शन)

◆

केम्पेन,
पूर्वज मिसरातून निघतात त्या पाठाच्या आठवड्याचा सोमवार

चि. गेर्शन यास आशीर्वाद. वि. वि.

आम्ही न येण्याची कारणं पाच दिलीस. एकच दिलं असतंस तर माझा विश्वास बसला असता.

तुझं पत्र तातेंना वाचून दाखवलं. कोट शिंप्याकडून आला होता, तो घालून एकदा उभे राहिले, मला मागून नीट बसतो का बघायला लावलं, आणि मग घडी करून पेटीत ठेवला. म्हणाले, गेर्शनचं बरोबर आहे, मी तिथे खोकत बसलो असतो. मला इतका राग आला की मी कांदे चिरायला बसले, म्हणजे डोळ्यांचा हिशेब कोणी मागू नये.

तुझं प्रवचन वाचून दाखवलं. जर्मन वाचायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं, दमछाक झाली. पण बापाला उतारवयात एकटं टाकू नये असं तू लिहिलंयस तिथे ताते मान डोलवत होते. आता तो कागद प्रार्थनेच्या शालीच्या पिशवीत असतो. ज्यांना जर्मन वाचता येत नाही अशांनाच जास्त दाखवतात, म्हणजे कोणी चूक काढायला नको.

आणि एक गोष्ट सांगते, हसू नकोस. तू मागे पाठवलेलं ते जर्मन प्रार्थनापुस्तक मी चोरून वाचते. इतकी वर्षं मी काय पुटपुटत होते ते मला पहिल्यांदा कळलं. एका ओळीला तर मी चुलीजवळ उभीच राहिले. त्यामुळे तुझ्या धूळ झटकण्याला माझी ना नाही. तू तिथे चांगलं काम करतोयस यावर माझा जीव आहे, हे विसरू नकोस.

लोकरवाला शाया बर्लिनला निघालाय. त्याच्याबरोबर उशी आणि चरबीचा डबा पाठवते. त्याला दारातून परत लावू नकोस, कॉफी दे. उशीवर तातेंनी हात फिरवून ठेवलाय, म्हणाले, मी नाही तर माझा हात तरी बाळाखाली असेल.

कळावे. राग आहे, पण लोभाहून कमी.

ब्राइना

◆

बर्लिन, ७ फेब्रुवारी १८४७

ती. ताईस शालोम. वि. वि.

अभिनंदन, आत्या! मुलगा झाला. आडेला अशक्त आहे पण सुखरूप. गुरुवारी सुंता झाली, बाळ जरासं रडलं आणि दारूत भिजवलेला बोळा चोखत झोपलं. नाव फिलिप ठेवलं आहे. नाक मामेचं आहे असं मला वाटतं.

उशी पोचली, सगळ्या बायकांनी हात लावून पाहिली. शाया आल्याचं मला नंतर कळलं. गर्दीत तो मागेच उभा होता म्हणे, आणि कॉफी न घेता निघून गेला. त्याची माफी माग.

तातेंना सांग, सगळं छान झालं. जास्त लिहीत नाही, घरात पाहुणे आहेत.

लोभ आहे तसाच राहावा.

गुस्ताव

◆

केम्पेन, शुक्रवार, शब्बाथच्या आधी

गेर्शन,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, ते तू घालवलेस असं समज.

शाया परत आला. दोन दिवस घराबाहेर पडला नाही. शेवटी त्याच्या बायकोनं त्याच्याकडून काढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या तोंडावर सांग. त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. की बाळ तुझ्या सासऱ्याच्या मांडीवर, माझ्या उशीवर होतं. की नाव पुकारलं ते उरी फाइवेल, तातेंचं पूर्ण नाव. फिलिप हे त्याचं रस्त्यावरचं नाव. की तुमच्या प्रवचनकारानं हात वर करून म्हटलं, या बाळाच्या स्वर्गवासी आजोबांचा आत्मा आज आनंदित असेल. आणि तू शेजारी उभा होतास, आणि तू आमेन म्हणालास.

शाया निघाला त्या सकाळी त्या स्वर्गवासी आजोबांनी त्याच्या खिडकीवर ठोकून त्याला उठवलं होतं.

तुला कळतंय का इथे काय झालंय? ज्याच्या नावाचं बाळ आहे तो माणूस आपल्या लोकांत मेलेला असतो. ताते पहाटे निघतात तर बायका खिडकीआडून थुंकतात, अपशकुन म्हणून. पोरं मागून ओरडतात, मेलेला फाइवेल आला. मी एकाच्या कानाखाली वाजवली, पण किती कान शोधत फिरू? दुकानात गेले तर बोलणं थांबतं. कोणी काही विचारत नाही, तेच जास्त लागतं. मान वर करून चालायची सवय होती मला, बर्लिनच्या पंडिताची बहीण म्हणून. ती मोडली.

धूळ झटकायला निघालास आणि बापालाच झटकून टाकलंस.

तातेंना मी सांगितलं नाही, त्यांना गल्लीनं सांगितलं. घरी येऊन हातोडी खुंटीला लावली आणि एवढंच विचारलं, की आडेलाच्या माणसांना मी गेलोय असं वाटतं का? मी म्हटलं, हो, तसं दिसतं. तर म्हणाले, गेर्शनला काहीतरी अडचण असेल. तुझी बाजू घेतली, गेर्शन! मला तिथेच जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

खरं काय ते लिही. लोभाचं नंतर पाहू.

ब्राइना

◆

बर्लिन, २४ फेब्रुवारी १८४७

ताई,

मी हे पत्र चारदा फाडलं.

लीपमानसाहेबांकडे मी पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा समितीनं काढलेलं एक पत्रक तिथे वाचून दाखवायचं होतं. मीच लिहिलेलं. प्रार्थनाघरांतून कोणते जुने प्रकार बंद करावेत यावर. त्यात एक वाक्य होतं, पहाटे हातोडी घेऊन फिरणाऱ्या, फाटक्या कोटातल्या दाराठोक्याबद्दल. लोक हसावेत म्हणूनच लिहिलं होतं. लोक हसले. आडेला हसली, ते मला आवडलं. मग लीपमानसाहेबांनी मायेनं विचारलं, तुझे आई-वडील कुठे असतात? मी म्हटलं, आई लहानपणीच गेली. पुढे वडिलांचं सांगायचं होतं. पण ते वाक्य अजून टेबलावर होतं, आणि मी गप्प झालो, खाली पाहिलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, म्हणजे तू पोरका आहेस. मी नाही म्हणालो नाही.

एवढंच. मी तातेंना मारलं नाही, मी फक्त बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. उद्या सांगू, लग्नानंतर सांगू. मग लग्नाला त्यांना बोलावता येईना. मग प्रायश्चित्ताच्या दिवसाची संध्याकाळ आली आणि आडेलानं माझ्या आई-वडिलांसाठी, मेलेल्यांसाठी लावतात तशा, दोन मेणबत्त्या लावल्या, दोन्ही शेजारी शेजारी. मी उभा राहून त्या जळताना पाहिल्या, ताई. तातेंची जास्त वेळ जळली. मला वाटलं आता ओरडावं. दुसऱ्या संध्याकाळी मी उपास सोडायला टेबलाशी जाऊन बसलो.

नावाचं मला ठाऊक नव्हतं, हे तरी खरं मान. शाया कधीतरी चरबी घेऊन आला होता तेव्हा आडेलानं त्याच्याकडून नुसतं तातेंचं नाव काढून घेतलं होतं, मला सुखद धक्का द्यायचा म्हणून. ही नवी माणसं जुन्यातलं काही पाळत नाहीत, पण मेलेल्यांची नावं मात्र पाळतात. पुकारलं तेव्हा तिनं दारातून माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी गहिवरलोय. मी आमेन म्हणालो.

मी लोकांना सांगतो, विवेकानं जगा, अंधारातून बाहेर या. आणि घरी मला आरशात बघायची सोय नाही.

मी आडेलाला सांगणार आहे. ती अजून अशक्त आहे, दूध कमी आहे, धक्का बसेल. वल्हांडणाचा सण होऊ दे, नक्की सांगतो. तोवर तातेंना काय सांगशील ते सांग. त्यांना लिहायची मला लाज वाटते.

गेर्शन

◆

केम्पेन, पुरीमच्या सणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात

चि. गेर्शन यास. वि. वि.

आता तुला काही सांगायची घाई नाही. तातेंनी तुझं काम सोपं केलंय.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, सगळं. हातोडीचं वाक्यसुद्धा. गाळणार होते, पण म्हणाले, मधे थांबलीस ती का? ऐकून म्हणाले, कोट फाटका होता हे खरंच आहे. त्यांना दुसरीच धास्ती लागली होती. दोन माणसं, एक नाव, एक घराणं. मृत्यूचा दूत म्हाताऱ्याला न्यायला आला आणि चुकून पाळण्याशी गेला तर? तू हसशील. तुझ्या पत्रकात यावरही एखादं वाक्य असेल. मी मात्र हसले नाही, मी बाळाच्या बापाची बहीण आहे.

ते रब्बींकडे गेले आणि म्हणाले, माझं नाव काढून घ्या. रब्बी म्हणाले, नाव बदलतात ते आजाऱ्याचं, जगावा म्हणून. तू तर घोड्यासारखा आहेस. ताते म्हणाले, जगावा म्हणूनच बदलायचंय, पण तो दुसरीकडे आहे. रब्बींनी डोळे पुसले आणि हो म्हटलं. शब्बाथला तोराच्या उघड्या पोथीसमोर, सगळ्या गावादेखत, तातेंचं नाव उतरवलं. रब्बी म्हणत होते हाइम घे, त्यात आयुष्य आहे. ताते म्हणाले, आयुष्य त्याला लागेल, मला नको. आल्टर घेतलं. म्हातारा. बस्स, एवढंच.

रविवारी पहाटे हातोडी घेऊन निघाले. मी अंथरुणात ऐकत होते. पहिल्या खिडकीवर दोन ठोके. तिसरा आला नाही. दुसऱ्या खिडकीवर दोन. मी अनवाणी धावले. सगळी गल्ली बाहेर आली, कोण गेलं, कोण गेलं? ते प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, फाइवेल गेला, प्रार्थनेला या. मी कोट धरून ओढलं, म्हटलं, ताते, हे काय मांडलंय! तर म्हणाले, गावाला कळलं तर त्या दूतालाही कळेल, त्याची वणवण नको.

ज्या बायका थुंकत होत्या त्या रडत होत्या. कोणी बोट दाखवायला उरलं नाही.

आता तू खोटं बोलला नाहीस, गेर्शन. तुझा बाप फाइवेल खरंच गेला. त्यांनी तुला त्यातून सोडवलं. मला लाज वाटते, तुझी नाही, त्यांच्यासमोर बसून जेवायची. आपण दोघं मिळून त्यांच्या एका बोटाची बरोबरी करत नाही.

सोबत त्यांची चिठ्ठी आहे.

ब्राइना

◆

चि. गेर्शन यास अनेक आशीर्वाद. विशेष.

ब्राइना जे काही लिहील ते रागानं लिहील, तू मनावर घेऊ नकोस. इकडे सर्व क्षेम.

तुला आता कोणाला काही सांगायला नको. मी विचार केला, की केम्पेनचा आल्टर नावाचा एक म्हातारा तुझ्याकडे पाहुणा आला तर त्यात खोटं काही नाही. तसा माणूस आहे आणि तो म्हातारा आहे. तुला अडचण नसेल तर मी सणाच्या आधी येऊन बाळाला एकदा मांडीवर घेईन आणि परत फिरेन. स्वयंपाकघरात बसेन. खायला माझं मी आणतो. तोंडानं काही निघणार नाही याची खात्री बाळग, मला गप्प राहायची सवय आहे, मी नुसता ठोकतो.

अडचण असेल तर उत्तर पाठवू नकोस, मी समजेन. शाया पुन्हा निघतोय, तो निघेपर्यंत वाट पाहीन.

देव तुला आणि तुझ्या घराला सुखी ठेवो.

आल्टर

◆

बर्लिन, २२ मार्च १८४७

ती. वन्संस आडेलाचा शालोम. वि. वि.

आपण कधी भेटलो नाही. तुमच्या पत्रांतलं मला फक्त चरबीच्या डब्याबद्दल माहीत होतं. तुम्हाला जर्मन वाचता येतं असं कळलं, म्हणून लिहिते. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

मागल्या आठवड्यात गुस्तावनं सांगितलं की गावाकडचे आल्टर नावाचे एक धार्मिक गृहस्थ येणार आहेत. तो त्यांना आणायला स्टेशनवर गेला. दारात त्यानं त्यांची तशीच ओळख करून दिली. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, वन्सं. स्टुलावर. रात्री मोलकरणीची खोली दिली. माझ्या वडिलांनी जिन्यात त्यांच्या हातावर एक नाणं ठेवलं, गरीब दिसले म्हणून. त्यांनी वाकून आभार मानले आणि नाणं दारामागच्या धर्मादाय पेटीत टाकलं. गुस्ताव तिथेच उभा होता, भिंतीसारखा पांढरा. मला वाटलं त्याला बरं नाही.

मी बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं, खाली तुमची उशी घालून. ते उशीवरून हात फिरवत राहिले. मी बडबडी आहे, मी सांगत सुटले, की याचं नाव फाइवेल, माझ्या नवऱ्याच्या स्वर्गवासी वडिलांवरून. तुम्ही ओळखत असाल ना त्यांना? कसे होते हो? ते म्हणाले, बरा होता. थोडा हट्टी होता. मी म्हटलं, प्रेमळ असतील. तर म्हणाले, ते त्याच्या मुलाला विचारायला हवं.

तीन दिवस हे असं चाललं. उकडलेली अंडी आणि बरोबर आणलेली भाकर, एवढंच खात होते. आणि माझा नवरा त्यांच्याशी माझ्यादेखत तीन वाक्यंसुद्धा बोलला नाही. मला राग यायचा, गावच्या माणसाशी असं वागतात का?

शुक्रवारी पहाटे आमच्या दारावर कोणीतरी ठोकलं. तीन ठोके, सावकाश, सारख्या अंतरानं. नंतर कळलं, हाताला सवय, जाग आल्यावर त्यांना राहवलं नाही, माझा पीठ ढवळायचा लाकडी डाव घेऊन निघाले होते. मी घाबरून उठून बसले. गुस्ताव अर्धवट झोपेत होता. डोळे मिटलेलेच, आणि लहान मुलाच्या आवाजात तो मोठ्यानं म्हणाला, उठलो, ताते.

तुमची बोली मला येत नाही, वन्सं. पण तो शब्द मला कोणी शिकवायला नको.

गुस्तावनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि मग उशीत तोंड खुपसून असा रडला की बाळ जागं झालं. सगळं सांगितलं, तिथेच. पत्रकाचं, मेणबत्त्यांचं. मी त्या पत्रकाला हसले होते, मला आठवतं. मी दार उघडलं तर ते डाव हातात धरून भिंतीला टेकून उभे होते आणि माझीच माफी मागत होते, की झोपमोड केली, आणि गेर्शनचं तोंड चुकून उघडलं, तुम्ही मनावर घेऊ नका. मी त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि आमच्या पलंगावर बसवलं. काय बोलायचं असतं अशा वेळी? मी म्हटलं, दोन वर्षं मी तुमच्यासाठी मेणबत्ती लावते. ते म्हणाले, वाया नाही जाणार, ठेवून दे.

शब्बाथच्या जेवणाला ते टेबलाशी बसले, गुस्तावच्या उजव्या हाताला. गुस्तावनं माझ्या वडिलांना उभं राहून सांगितलं, हे माझे वडील, ते केम्पेनला पहाटे लोकांना उठवतात. पप्पांनी चमचा खाली ठेवला आणि उठून गेले. अजून गुस्तावशी बोलत नाहीत. समितीचं काय होईल देव जाणे. ते नाण्याचं त्यांनाही खात असावं, कारण काल धर्मादाय पेटीशी बराच वेळ उभे दिसले.

नाव मात्र गुस्तावचे वडील परत घेत नाहीत. मी पुष्कळ विनवलं. म्हणतात, दिलं ते दिलं, पोराला बसलंय. मग मी काय म्हणू? तर म्हणाले, ताते म्हण, ते नाव अजून मोकळं आहे.

त्यांना सणापर्यंत ठेवून घेतलंय. वल्हांडणासाठी घर कसं साफ करतात, कोणती भांडी चालतात, मला काहीच येत नाही. ते म्हणतात, बटाट्यावर भागवीन. मला तसं भागवायचं नाही. तुम्ही लिहून पाठवा, सगळं, अगदी मूर्खाला सांगतात तसं. आणि त्यांचा तो उलटवून शिवलेला कोट पेटीत राहिलाय म्हणाले, तो शायाबरोबर धाडा. त्यांच्यामागे हातोडी घेऊन पहाटे तुम्हीच फिरता आणि बाई ठोकतेय म्हणून रब्बी दुसरीकडे बघतात, हे ऐकून मी पुष्कळ दिवसांनी हसले.

रोज पहाटे आमच्या दारावर तीन ठोके पडतात. गुस्ताव आतून ओरडतो, उठलो, ताते. जागाच असतो, तरी गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडतो, कारण खालच्या मजल्यावर माझे वडील झोपतात.

कळावे. तुमचा लोभ मी अजून कमावलेला नाही. तोवर उसना द्यावा.

तुमची,
आडेला